रोज सकाळी एक हाक
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)

2020 साल आठवतंय ना? काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण झालं नाही. तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आपले आजी-आजोबा दाराआड आणि मुलं पुण्या-मुंबईत अडकलेली. औषध आणायचं कुणी?

पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती आहेत. जेवणाची सोय आवारातच, माणूस हाकेच्या अंतरावर, शेजारी समवयस्क. साथीच्या दिवसांत याचं मोल कळतं. अर्थात सगळे वयस्कर एका ठिकाणी, म्हणून गेटवर शिस्तही कडक लागते.

आपल्याला सगळ्यांनाच तिकडे जाणं परवडणार नाही, घरही सुटणार नाही. पण एकट्या राहणाऱ्यांची यादी, त्यांच्या औषधांची नोंद आणि रोज सकाळी दारावर एक हाक, एवढं सोसायटीला नक्की जमेल. रौप्यमहोत्सवात तेवढा ठराव करूया.