इंग्रजीतले ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर

इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘फुल’ म्हणजे भरलेले, तर ‘फूल’ म्हणजे मूर्ख. एवढ्याशा फरकाने अर्थ पालटतो, आणि मराठी माणसाची जीभ नेमकी इथेच अडखळते. याचे कारण मराठीच्या उच्चारातच आहे. मराठीत इकार-उकारांची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरते. ‘पीठ’ दीर्घ, पण ‘पिठात’ ऱ्हस्व; ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलाला’ ऱ्हस्व. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे असले तरी बोलताना बहुधा सारखेच ऐकू येतात. या सवयीनेच ‘शिप’चे ‘शीप’ होऊन जाते.

इंग्रजीतला फरक मात्र केवळ लांबीचा नाही. ‘शीप’ म्हणताना जीभ पुढे आणि वर ताणलेली असते, ओठ फाकतात. ‘शिप’ म्हणताना जीभ सैल पडते, थोडी खाली आणि मागे येते. शब्दकोशात दीर्घ स्वरापुढे विसर्गासारखे दोन ठिपके छापतात. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. ‘बीट’ म्हणजे मारणे आणि ‘बीड’ म्हणजे मणी, हे दोन्ही शब्द दीर्घ स्वराचे. तरी ‘ट’पुढे तो स्वर चांगलाच आखडतो, इतका की ‘बिड’ म्हणजे बोली लावणे, यातला ऱ्हस्व स्वर जवळजवळ तेवढाच लांब भरतो. मग कान शब्द ओळखतो तो मुख्यतः जिभेच्या ठेवणीवरून.

‘ए’कारात तर आपली लिपीही मदतीला येत नाही. मिळवणे या अर्थाचा शब्द आणि फाटक या अर्थाचा शब्द, दोन्ही आपण ‘गेट’ असेच लिहितो. ब्रिटिश उच्चारात पहिल्यातला ‘ए’ आखूड आणि उघडा असतो, दुसऱ्यातला शेवटी ‘इ’कडे सरकतो. लेखणी आणि वेदना यांचेही ‘पेन’ असेच एक होऊन बसले आहे.

इंग्रजी शाळांत ‘दीर्घ स्वर’ म्हणजे काही वेगळेच शिकवतात. तिथे अक्षराचे नाव जसेच्या तसे ऐकू आले की तो स्वर दीर्घ. ‘मॅड’च्या शेवटी ई हे अक्षर जोडले की ‘मेड’ होते, ‘बिट’चे ‘बाइट’ आणि ‘हॉप’चे ‘होप’. ते ई स्वतः मुके राहते. ‘बाइट’मधला ‘आइ’ खरे तर संयुक्त स्वर. त्याला दीर्घ म्हणण्याचे मूळ इतिहासात आहे. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडत गेले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिले. त्याआधी ‘नेम’मधला स्वर ‘आ’सारखा होता, ‘टाइम’मधला ‘ई’सारखा, ‘हाउस’मधला ‘ऊ’सारखा. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेले. स्वर चालत राहिले, अक्षरे मागेच राहिली.

‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिन्ही शब्दांत दोन ओ सारखेच छापलेले दिसतात. एके काळी तिन्हींत दीर्घ ‘ओ’च होता, तो वर सरकून ‘ऊ’ झाला. ‘ब्लड’मधला लवकर आखडला आणि पुढे बदलून ‘अ’कडे झुकला; ‘गुड’मधला उशिरा आखडला म्हणून ‘उ’वरच थांबला; ‘फूड’मधला दीर्घच राहिला. मुक्या ईचा नियमही ‘गिव्ह’, ‘हॅव’ आणि ‘लव्ह’ या शब्दांत चालत नाही.

म्हणून स्पेलिंग पाहून उच्चार ठरवण्याआधी शब्दकोश उघडावा. शिक्षकांनीही ‘शिप’-‘शीप’, ‘फुल’-‘फूल’ अशा जोड्या मुलांना आधी भरपूर ऐकवाव्यात, आणि कानाला फरक कळू लागला की मगच त्यांच्याकडून म्हणून घ्याव्यात.