पेटीचा हिशेब आणि शासकीय महापूजा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सरकारने धर्मापासून अंतर राखावे असे आम्ही म्हटले, की बैठकीत हमखास एखादे म्हातारबाबा उठतात. "मग पंढरपुरात बडव्यांना सरकारने हटवले, ते चूक झाले का?" प्रश्न रास्त आहे.

चूक झाले नाही. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिर कायदा झाला. बडवे-उत्पात कोर्टात गेले. वर्षानुवर्षे खटले चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. देवापुढे पडणारा पैसा हा प्रपंचाचा विषय आहे. धर्मसंस्थांच्या आर्थिक व्यवहाराबद्दल कायदा करण्याची मुभा घटनेच्या २५ व्या कलमाने सरकारला दिली आहे. वारकरी नाडला जाऊ नये, पेटीचा हिशेब लागावा, एवढ्यापुरते सरकारचे तिथे काम. चावडीवरच्या तलाठ्याचे असते तेवढेच.

पण आषाढीच्या पहाटे काय होते? मुख्यमंत्री सपत्नीक 'शासकीय महापूजा' करतात. दर्शनरांगेतले एक वारकरी जोडपे, म्हणजे आपल्यातलेच कोणीतरी, शेजारी उभे करतात. त्या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. मग मुख्यमंत्री बाहेर येऊन पेपरवाल्यांना सांगतात, बळीराजाला सुखी ठेव असे विठ्ठलाला साकडे घातले.

माणूस म्हणून ते पंढरीला गेले तर कोणाची हरकत आहे? माळ आमच्याही घरात आहे. पण 'शासकीय' म्हटले की त्यात मुसलमान कापूसवाला आला, बौद्ध मजूर आला, सगळेच आले. आणि ज्याच्या टेबलावर वीजजोडणीची, पीककर्जाची, धरणाच्या पाण्याची फाईल पडलेली आहे, तोच आपली मागणी देवाकडे सरकवून मोकळा होतो! विठ्ठलाला जाब विचारायला कोण जाणार?

२०१८ च्या आषाढीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी विरोध जाहीर केला, तेव्हा मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत. त्यांनी मुंबईत घरीच पूजा केली. पंढरपुरात वारी झाली, पूजाही झाली. देवाचे काही अडले नाही.

आता दुपारी कोरडवाहू कपाशी-ज्वारीच्या पीकविम्याचा ठराव घ्यायचा आहे. त्याची एक प्रत विठ्ठलाच्या पायाशी ठेवावी अशी सूचना आली आहे. ज्याला जायचे त्याने स्वखर्चाने जरूर जावे. संघटनेची प्रत मंत्रालयात जाईल. नेणाऱ्याने तिची पोच सही-शिक्क्यासह आणावी.