माझ्या आवडीचे गायक
(ताडकळस येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगीतशास्त्राचा अधिकार मजकडे नाही. श्रोता म्हणून मात्र आयुष्य गेले, तेही बहुतांशी रेडिओपुढे.

माझ्या यादीत पहिले नाव हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. स्त्रीने चारचौघांत गाणे ज्या काळी कमीपणाचे गणले जाई, त्या काळी त्यांनी तिकीट लावून जलसे केले, आणि तेही घरंदाज डौलाने. येथे बसलेल्या पालकांना मी विचारतो : शाळेत गाण्याचे बक्षीस मिळवणाऱ्या आपल्या मुलीची पेटी तिच्याबरोबर सासरी का जात नाही? मुलगी दाखवताना ‘गाणे येते’ म्हणून सांगायचे आणि अक्षता पडताच तोंडाला कुलूप, हा कोणता व्यवहार?

दुसरे कुमार गंधर्व (१९२४–१९९२). क्षयाने काही वर्षे त्यांचे गाणे बंद पडले. देवासला अंथरुणावर पडून ते माळव्यातील बायांची गीते ऐकत राहिले. त्यांची निर्गुणी भजने मला फार भावतात. कोणाला तो आवाज तुटक वाटतो, वाटो बापडा!

तिसरे आपल्या परभणीचे गोंधळी राजाराम कदम. संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी, एवढ्या सामग्रीवर आख्यान उभे राहते. डीजेला मागेल ते देणारे आपण गोंधळ्याच्या बिदागीत घासाघीस करतो. यंदा माझ्या घरी कार्य आहे. गोंधळ पहाटेपर्यंत चालेल. सर्वांनी अगत्य यावे.