प्रात्यक्षिक दाखवू नका, करून घ्या
(शेतकरी गटप्रमुखांसमोर दिलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण गावात शेतकरी गट किंवा महिला बचत गट चालवितात. कृषि विज्ञान केंद्रात शिकलेली गोष्ट गावात जाऊन इतरांना शिकविण्याची जबाबदारी आपल्यावरच येते. म्हणून नवशिक्यांकडून एखादी वस्तू बांधून घेण्याचे प्रात्यक्षिक कसे घ्यावे, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे. उदाहरणासाठी भाजीपाला साठविण्याचा शून्य ऊर्जा शीतकक्ष घेऊ.

देशातील पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ साली पाँडिचेरी येथे सुरू झाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. करून शिकणे हे या केंद्रांचे मूळ सूत्र. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा असे होते की, गवंडी वीट लावतो, तज्ज्ञ माहिती सांगतात आणि चाळीस माणसे भोवती उभी राहून पाहतात. घरी गेल्यावर दोन भिंतींत अंतर किती ठेवायचे, हेच आठवत नाही. अंदाजाने बांधलेला कक्ष थंड होत नाही. मग दोष तंत्राला दिला जातो आणि उन्हाळ्यात मेथी-पालक संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावाने विकण्याची पाळी काही चुकत नाही.

कक्षाची माहिती थोडक्यात

हा कक्ष नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केला. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच येथे घडते. ओल्या विटा व वाळूतून पाण्याची वाफ होताना आतील उष्णता कमी होते. तळ १६५ × ११५ सें.मी., उंची ६७.५ सें.मी., दुहेरी भिंत आणि दोन भिंतींत ७.५ सें.मी. अंतर ठेवून त्यात बारीक नदीची वाळू भरतात. सुमारे ४०० विटा लागतात आणि १०० किलोपर्यंत माल राहतो. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहू शकते.

आदल्या दिवशीची तयारी

प्रात्यक्षिक फेब्रुवारी ते मे या काळात ठेवावे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने फरक जाणवत नाही व शिकणाऱ्याचा विश्वास उडतो. जागा थोडी उंच, वारा खेळणारी, पाण्याजवळची व सावलीची निवडावी. सावली नसल्यास आधी छप्पर करून घ्यावे. विटा, चाळण, घमेली, बांबू व गवत आदल्या दिवशीच जागेवर आणावे. सकाळी वाळूच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात निम्मे लोक निघून जातात. मात्र आखणी करून ठेवू नये. दोरी धरून माप घेणे हा शिकण्याचाच भाग आहे.

एका कक्षास दहाच माणसे घ्यावीत. वीस आली तर दोन कक्ष बांधावेत. साहित्य परवडत नसेल तर दोन वेगळे दिवस ठेवावेत, पण गर्दी करू नये.

प्रत्यक्ष बांधताना

सुरुवातीस दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. पाझरणाऱ्या माठाला प्रत्येकाला हात लावू द्यावा. त्यातून तत्त्व आपोआप समजते. नंतर दोघादोघांच्या जोड्या करून तळ, आतील भिंत, बाहेरील भिंत, वाळू चाळणे व झाकण अशी कामे वाटून द्यावीत. दर दोन थरांनंतर कामे बदलावीत.

मापासाठी टेप सर्वांकडे नसतो. नऊ इंची विटेची जाडी साधारण तीन इंच, म्हणजे सुमारे ७.५ सें.मी. असते. तेव्हा दोन भिंतींच्या मध्ये वीट कडेवर उभी धरली की अंतर तपासता येते आणि असे नऊ थर झाले की उंची भरते. ही खूण घरीही उपयोगी पडते.

शिकविणाऱ्याने आपले हात मागे बांधावेत. वीट वाकडी लागली तर स्वतः सरळ करू नये. “येथे विटेचे माप लावून पहा,” एवढेच म्हणावे. थर उकलून पुन्हा लावणाऱ्याच्या ते कायमचे लक्षात राहते. गटात एखादा गवंडी असेल तर सगळे काम तोच उरकून टाकतो. त्याला तपासणीचे काम द्यावे.

भाजी खुडणे, निवडणे व जुड्या बांधणे ही कामे बहुतेक घरी भगिनी करतात. कक्षावर रोज पाणी शिंपडणेही त्यांच्याकडेच येते. म्हणून त्यांच्या सोयीची वेळ ठेवावी आणि वीट त्यांच्या हाती द्यावी. त्या मागे उभ्या राहिल्या तर प्रात्यक्षिक वाया गेले असे समजावे.

सिमेंटचा गिलावा का नको, हे त्याच वेळी सांगावे. त्याने विटांची छिद्रे बुजतात व वाफ होणे थांबते. तसेच कांदा या कक्षात ठेवू नये. तो ओलाव्याने सडतो.

शेवट आणि पाठपुरावा

अर्धवट कक्ष सोडून घरी जाऊ नये. त्याच दिवशी वाळू भरून, भिंती पूर्ण भिजवून, गवताचे झाकण घालावे. पुढे सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. भिजलेला कक्ष रात्रभर गार होऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलो पालकाचे दोन समान भाग करून एक कक्षात व एक बाहेर सावलीत ठेवावा. संध्याकाळी शिकणाऱ्यांनीच दोन्ही भाग वजन करून पहावेत. तराजूने सांगितलेले कोणी नाकारत नाही.

पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या घरी चक्कर टाकावी. किती जण हजर होते, हा आकडा वहीपुरता असतो. किती घरी कक्ष उभा राहिला आणि त्याची वाळू आज ओली आहे का, हे बोट घालून पहावे. वाळू कोरडी आढळली तर पाणी दुरून आणावे लागते की काम एकाच माणसावर पडते, याची चौकशी करावी आणि पुढील प्रात्यक्षिकात त्याप्रमाणे बदल करावा.

येत्या उन्हाळ्यात आपल्या गटात दहा जणांचे एक तरी प्रात्यक्षिक या पद्धतीने घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.