चाकाची खुर्ची आणि सागरी सहल



सागरी सफरीची जाहिरात वाचताना जहाजावरील प्रशस्त कक्ष आणि उद्वाहने डोळ्यांत भरतात. चालणे कठीण झालेल्या प्रवाशाची खरी अडचण मात्र जहाज आणि किनारा यांमधल्या हातभर अंतरात असते.

माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, चाकाच्या खुर्चीतून घारापुरीला गेले. लेण्यांपर्यंतच्या सुमारे 120 पायऱ्यांची त्यांना धास्ती होती. तेथे डोली मिळाली. धक्क्यावरून पायथ्याकडे जाण्यास छोटी रेल्वेही होती. अडले ते मुंबईतच, लाँचमध्ये चढताना. ओहोटी लागलेली, लाँच खाली हेलकावणारी, पायऱ्या शेवाळलेल्या. दोघा खलाशांनी त्यांना उचलून आत ठेवले. “सामानासारखा गेलो,” असे ते हसून म्हणाले. ते हसू मला अजून बोचते.

म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. (सोमवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.) मोठ्या सफरीत प्रत्येक बंदरी जहाज धक्क्याला लागणार, की दूर नांगरून होड्यांनी प्रवासी उतरवणार, हे पैसे भरण्याआधीच विचारावे. होडीत चाकाची खुर्ची घेतीलच असे नाही.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 मध्ये रो-रो बोट सुरू झाली. तीत मोटारी उतरत्या फळीवरून थेट आत जातात; मोटार जाते तेथे खुर्चीही जाऊ शकते. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा वाहतुकीत अशीच सुगमता अपेक्षितो. किनाऱ्यावरील पंचायतींच्या सदस्यांनी ओहोटीच्या वेळी आपल्या धक्क्यावर एक रिकामी खुर्ची नेऊन पाहावी, आणि ती कोठे अडली ते ग्रामसभेत सांगावे.