लाल बिल्डची किंमत: शेलमधल्या फ्लेकी टेस्ट

आज बोलूया फ्लेकी टेस्टबद्दल. कोड तोच, टेस्ट तीच, मशीनही तेच. सकाळी पास, दुपारी फेल, परत चालवली की पुन्हा पास. त्यातही शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या टेस्टबद्दल बोलू, कारण तिथे हा आजार जरा जास्तच दिसतो.

बहुतेक टीममध्ये यावरचं औषध ठरलेलं असतं: री-रन. बटण दाबायचं, चहा घेऊन यायचं, तोवर बिल्ड हिरवी. मी एका टीममध्ये होतो, तिथे सीआयमध्येच तीनदा रिट्राय लावून ठेवला होता. यात वेळ जातो, हे खरंच. पण मला मोठं नुकसान वेगळं वाटतं. लाल रंगाला काही किंमतच उरत नाही. 'लांडगा आला रे आला'सारखं होतं. ज्या दिवशी खरा बग येतो, त्या दिवशीही माणूस सवयीने री-रनच दाबतो.

थोडा हिशोब करू. समजा तुमच्याकडे १००० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट १००० रनमध्ये फक्त एकदाच उगाच फेल होते, तेही एकमेकींशी संबंध नसताना. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? पण सगळ्या टेस्ट एकाच रनमध्ये पास होण्याची शक्यता उरते साधारण ३७ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास दोन बिल्ड विनाकारण लाल.

आता मुद्द्यावर येतो. टेस्ट लहरी नसते. तिने काहीतरी गृहीत धरलेलं असतं, जे कुठेच लिहिलेलं नसतं. ते गृहीतक शोधायचं, एवढंच आपलं काम. शेलमध्ये मला ही गृहीतकं बहुतेक वेळा चार ठिकाणी सापडतात.

पहिलं ठिकाण, पाइप. स्क्रिप्टच्या वर आपण पाइपफेल लावतो. चांगली सवय आहे. मग खाली लिहितो, अमुक कमांड, पाइप, ग्रेप हायफन क्यू. हे क्यूवालं ग्रेप पहिली जुळणारी ओळ मिळाली की लगेच बाहेर पडतं. मागची कमांड अजून लिहीतच असेल तर तिला सिगपाइप मिळतो, एक्झिट कोड येतो १४१, म्हणजे १२८ अधिक १३, आणि पाइपफेलमुळे टेस्ट फेल. शब्द सापडलाय, तरी फेल! कमांडचं लिहून आधी संपलं तर पास. कोण आधी संपेल हे त्या क्षणीच्या लोडवर ठरतं. उपाय साधा आहे: आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, कमांडचा एक्झिट कोड तपासा, मग त्या फाइलवर ग्रेप चालवा. वर फायदा असा की टेस्ट फेल झाली तर बघायला फाइल हातात असते.

दुसरं, स्लीप. सर्व्हर बॅकग्राउंडला सुरू केला, स्लीप २, आणि पुढे. यातलं गृहीतक काय? की दोन सेकंदांत सर्व्हर उठतो. तुमच्या लॅपटॉपवर उठतो. सीआयच्या मशीनवर शेजारी आणखी पाच बिल्ड चालू असतील तर नाही उठत. मग कोणीतरी त्या २ चे ५ करतं, पुढे ५ चे १०. टेस्ट संथ होते आणि तरीही फ्लेकीच राहते. त्याऐवजी लूप लावा: सर्व्हर उत्तर देतो का ते दर ०.१ सेकंदाला विचारा, आणि ३० सेकंदांत नाहीच दिलं तर स्पष्ट मेसेज देऊन फेल करा. बंद करतानाही तेच. किल फक्त सिग्नल पाठवून परत येतं, प्रोसेस संपायची वाट बघत नाही. त्यानंतर वेट लिहायलाच हवं.

तिसरं, वातावरण. सॉर्टचा क्रम लोकेलवर ठरतो, म्हणून दोन मशीनवर दोन क्रम येऊ शकतात. आणि आपल्याकडची खास गंमत म्हणजे तारीख. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसीवर. रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेत दोघांची तारीखच वेगळी असते. आजची तारीख तपासणारी टेस्ट दिवसभर पास होणार आणि फक्त रात्री जागणाऱ्याला छळणार. टेस्टच्या सुरुवातीलाच लोकेल सी आणि टाइमझोन यूटीसी करून टाका.

चौथं, सामायिक जागा. ठरलेला पोर्ट, टेंपमधली ठरलेल्या नावाची फाइल. टेस्ट एकेक चालवल्या तर ठीक, समांतर चालवल्या की एकमेकींच्या पायात पाय. प्रत्येक टेस्टला स्वतःची डिरेक्टरी द्या, पोर्ट वेगळा द्या, आणि ट्रॅप लावून शेवटी साफसफाई करा.

हे सगळं नीट केलेलं बघायचं असेल तर गिटचा सोर्स उघडा. गिटची टेस्ट सूट शेलमध्ये आहे, शेकडो स्क्रिप्ट. प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःची ट्रॅश डिरेक्टरी मिळते, होमसुद्धा तिथेच वळवलेलं असतं. वेळही खरी वापरत नाहीत. टेस्ट टिक नावाचं फंक्शन दर वेळी घड्याळ ६० सेकंद पुढे सरकवतं, आणि त्याची सुरुवात होते ७ एप्रिल २००५ पासून. गिटच्या स्वतःच्या पहिल्या कमिटची हीच वेळ आहे, अगदी सेकंदापर्यंत.

आणि २०१९ मध्ये, गिट २.२१ मध्ये, त्यांनी स्ट्रेस नावाचा पर्याय आणला. एकच स्क्रिप्ट अनेक समांतर जॉबमध्ये पुन्हा पुन्हा चालवायची, त्यातला एक फेल होईपर्यंत. जॉबची संख्या तुम्ही सांगितली नाही तर प्रोसेसरच्या दुप्पट. मुद्दाम दुप्पट, म्हणजे मशीन दमेल आणि वेळेची गणितं बिघडतील. फेल झालेल्या जॉबची डिरेक्टरी जपून ठेवली जाते. हे आपल्या सूटमध्येही दहा-पंधरा ओळींच्या शेलमध्ये करता येतं.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं? पाचदा चालवून पास झाली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. टेस्ट २०० मध्ये एकदा फेल होत असेल तर सलग ६०० रन स्वच्छ जायला हवेत, तेव्हा कुठे ९५ टक्के खात्री. सोपा नियम: जितक्या रनमध्ये एकदा फेल होते, त्याच्या तिप्पट.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. कधीकधी टेस्ट बरोबर असते आणि प्रोग्रॅमच चुकीचा असतो. फाइल बदलली का, हे गिट तिची वेळ आणि आकार बघून ठरवतं. इंडेक्स लिहिल्यावर घड्याळाच्या त्याच टप्प्यात फाइल बदलली आणि आकार तोच राहिला, तर बदल नजरेतून सुटू शकतो. यासाठी गिटमध्ये जास्तीची तपासणी आहे, पण स्प्लिट इंडेक्स या प्रकारात काही फटी राहून गेल्या होत्या. तो प्रकार चालू ठेवून टेस्ट चालवल्या की अधूनमधून फेल व्हायच्या. २०१८ मध्ये त्या फेलचा माग काढत काढत खरा बग सापडला आणि दुरुस्त झाला. तिथे कोणी तीनदा रिट्राय लावला असता, तर सूट हिरवी दिसली असती आणि वापरणाऱ्याच्या फाइलमधला बदल मात्र गिटला दिसला नसता.

म्हणून, लगेच वेळ नसेल तर टेस्ट मुख्य बिल्डमधून बाजूला काढा, तिच्या नावाने टिकेट करा, टिकेटवर एका माणसाचं नाव आणि तारीख टाका. ते प्रामाणिक आहे. गुपचूप रिट्राय लावू नका.

तुमच्या सूटमध्ये सगळ्यात जास्त री-रन होणारी एक टेस्ट असेलच. या आठवड्यात तेवढी एक घ्या, लूपमध्ये टाका, आणि तिने काय गृहीत धरलंय ते शोधा. भेटू पुढच्या भागात.