चित्रपट : काल आणि आज

"आमच्या वेळचे चित्रपट काही निराळेच होते," हे वाक्य मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आले आहे. बोलणारा बदलतो, वाक्य बदलत नाही. मूकपटावर जीव असलेल्यांना बोलपटाचा आवाज हा कलेवरचा अत्याचार वाटला. बोलपटात रमलेल्यांना रंगीत चित्रपट भडक वाटला. अंधाऱ्या चित्रगृहात शेकडो माणसांच्या सोबतीने चित्रपट पाहिलेल्या पिढीला आज हातातल्या दूरध्वनीवर चित्रपट पाहणाऱ्यांची कीव येते. उलटपक्षी तरुणांना जुना चित्रपट संथ, नाटकी आणि भाबडा वाटतो. हा वाद मिटत नाही, कारण दोन्ही पक्षांना तो मिटवायचाच नसतो. परंतु जो चित्रपटाच्या इतिहासाचा विद्यार्थी आहे, त्याला या वादाची नुसती गंमत पाहून भागत नाही. निवाडा देण्यापूर्वी त्याला पुरावा तपासावा लागतो. आणि पुरावा मागू लागले की दोन्ही पक्षांची पंचाईत होते.

असा एक विद्यार्थी जबलपूरच्या एका मराठी घरात आहे. गोंदियाहून सातपुड्याच्या रानांतून वळणे घेत येणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीने त्याचे घराणे इकडे आले. ती गाडी नर्मदा ओलांडून जबलपूरला पोहोचण्यापूर्वी ग्वारीघाटाच्या स्थानकावर थांबे. २०१५ साली जबलपूरकडचा तो अरुंद मार्ग बंद झाला आणि त्याच्या जागी रुंद मार्ग आला. त्या गाडीच्या आठवणी सांगणारे त्याचे आजोबा आता नव्वदीकडे झुकले आहेत. सुट्टीत नातू घरी आला की संध्याकाळी दोघे ग्वारीघाटावर जाऊन बसतात. पाण्यात उभे असलेले नर्मदेचे छोटे मंदिर, पलीकडच्या तीरावरचा गुरुद्वारा, आरतीच्या वेळी प्रवाहात सोडलेले दिवे, हे सारे समोर असते; आणि बोलणे मात्र हटकून चित्रपटांवर येते.

आजोबांचा मुख्य आक्षेप असा की, आजचा चित्रपट खोटा आहे. डोंगर खोटे, लढाया खोट्या, गर्दीदेखील खोटी. सगळे संगणकावर रचलेले. त्यांच्या तरुणपणी जे पडद्यावर दिसे ते कोठेतरी खरोखर असे.

नातवाने यावर एकदा समोरच्या पाण्याकडे बोट दाखविले. "आजोबा, 'जिस देश में गंगा बहती है' तुम्हांला किती आवडतो! त्यातली नदी कोणती?"

आजोबा हसले. त्यांना उत्तर ठाऊक होते. जबलपुरात ते कोणाला ठाऊक नाही? ग्वारीघाटावरून वाहणारे पाणी तिलवाराघाटावरून पुढे भेडाघाटला जाते, तेथे धुवांधार होऊन कोसळते आणि संगमरवराच्या कड्यांमधून वाट काढते. राधू कर्मकार यांनी दिग्दर्शित केलेला तो १९६० सालचा राज कपूर यांचा चित्रपट याच कड्यांत चित्रित झाला. नाव गंगेचे आणि पाणी नर्मदेचे! पुढे २००१ साली संतोष सिवन यांच्या 'अशोका'साठी आणि २०१६ साली आशुतोष गोवारीकर यांच्या 'मोहेंजोदारो'साठीही चित्रपटवाले याच ठिकाणी आले. एका चित्रपटात नर्मदेने मौर्यांच्या काळाला साथ दिली, दुसऱ्यात तिला सिंधुसंस्कृतीचे सोंग घ्यावे लागले. म्हणजे सोंग आणणे हा आजच्या चित्रपटाचा नवा दोष नव्हे. तो चित्रपटाचा जन्मस्वभाव आहे.

किंबहुना या स्वभावाचा आरंभ थेट दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हा राणी तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या एका तरुणाने केली होती. पडद्यावर यायला स्त्रिया तयार नव्हत्या. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करणारे. कॅमेऱ्याच्या युक्तीने दैवी चमत्कार दाखविण्यात त्यांना जो आनंद वाटे, तोच आज संगणकापुढे बसलेल्या तंत्रज्ञाला वाटत असला पाहिजे. साधन बदलले, हौस तीच राहिली. प्रश्न युक्तीचा नाहीच. ती युक्ती कशासाठी वापरली, हा खरा प्रश्न. फाळक्यांना पुराणातला देव पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा करावयाचा होता. आज पुष्कळदा युक्तीला युक्तीच दाखवावयाची असते. आजोबांच्या आक्षेपात तथ्य असेल तर ते येथे आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जुने चित्रपट थोर होते असे म्हणताना आजोबा नेहमी त्याच चार नावांवर येतात : 'संत तुकाराम', 'माणूस', 'शेजारी', 'रामशास्त्री'. ही नावे मोठी आहेत, यात संशय नाही. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली प्रभातने काढला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची आवली पाहण्यासाठी मुंबईत तो वर्षाहूनही अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु नातू विचारतो की, त्याच १९३६ साली हिंदुस्थानात जे दोनशेच्या आसपास चित्रपट निघाले, ते सारेच 'तुकाराम' होते काय? आज देशात वर्षाला दीड हजारांहून अधिक चित्रपट निघतात आणि त्यांतले बहुतेक सामान्य असतात, हे खरे. पण आपण तुलना करतो ती कालच्या निवडक पाचदहांची आणि आजच्या सरसकट दीड हजारांची. चाळणीतून गाळलेल्या धान्याशी खळ्यावरची अख्खी रास तोलली, तर रास हलकीच ठरणार! आजची रासही चाळली तर तीत 'फँड्री' सापडतो, 'कोर्ट' सापडतो. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालचा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली त्याच व्हेनिसमध्ये पारितोषिके मिळाली.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि नातवालाही तो तसा वाटत होता. पण आजोबांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला : "बरं, मग त्या दोनशेंपैकी बाकीचे कुठे आहेत? तू पाहिलेस का ते?"

त्याने पाहिलेले नव्हते. फार थोड्यांनाच ते पाहता आले आहेत, कारण त्यांतले पुष्कळसे आज अस्तित्वातच नाहीत. येथे चाळणीची उपमा लंगडी पडते. चाळणी निदान कोंडा टाकून दाणा ठेवते. आपल्या जुन्या चित्रपटांचे तसे झाले नाही. त्या वेळची फीत नायट्रेटची असे. ती ठिणगीने पेटे, आणि पेटली नाही तरी उष्णतेने व ओलाव्याने आपोआप सडे. शिवाय फितीवर चांदी असे. चित्रपट जुना झाला, त्याचे पैसे वसूल झाले, की कितीतरी फिती त्या चांदीसाठी मोडीत निघाल्या. 'जुने ते सोने' असे आपण म्हणतो खरे. परंतु चित्रपटाच्या बाबतीत जुने ते चांदी ठरले, आणि म्हणूनच ते वितळविले गेले.

या नाशाला गुणावगुणाची पारख नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत येऊन पडलेल्या शेतकऱ्याची ती कथा होती, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या दिवसांत खेड्यातल्या दारिद्र्याला पडद्यावर आणणारी ही कृती आपल्या चित्रपटाच्या इतिहासातले एक वळण समजली जाते. प्रत्येक ग्रंथात तिचे नाव येते. पण तो मूकपट आज कोणी पाहू शकत नाही. काही छायाचित्रे आणि पाहिलेल्यांच्या आठवणी एवढेच उरले आहे. १९३१ चा 'आलम आरा', हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याचीही प्रत उपलब्ध नाही. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच शिल्लक आहेत. आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून हाती लागेल ते जमविण्यात आयुष्य घालविले, म्हणून एवढे तरी वाचले. त्यानंतरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळून गेला.

मग निवाडा कसा द्यावयाचा? ज्याने कालचा चित्रपट थोर म्हटला त्याच्यापाशी पुरावा अपुरा. ज्याने तो सामान्य म्हटला त्याच्यापाशीही अपुराच. प्रामाणिक विद्यार्थ्याला फार तर दोन टोकांमधला प्रवास दाखविता येतो. एकाच हरिश्चंद्राच्या कथेकडे पाहा. १९१३ साली तारामतीला स्त्री मिळत नव्हती; १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त ती भूमिका दुर्गा खोटे यांनी केली आणि ती मराठीत बोलूही लागली. अवघ्या एकोणीस वर्षांत केवढे अंतर! पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला, तेव्हा फाळक्यांची धडपड हीच चित्रपटाची कथा झाली. 'काल' नावाची एकच एक गोष्ट कधी नव्हतीच. कालच्याही पोटात काल आणि आज होते.

आजच्या चित्रपटांविषयी तरी निश्चिंत राहावे काय? फीत गेली, आता अंकांच्या स्वरूपात चित्रपट साठविला जातो; तो सडत नाही, पेटत नाही, असा समज आहे. तो भ्रम आहे. साठवणीची यंत्रे बिघडतात. साठविण्याची पद्धत पाचदहा वर्षांत जुनी होते आणि नव्या यंत्राला जुने लेखन वाचता येत नाही. नायट्रेटची फीत निदान उजेडासमोर धरली तर चित्र दिसे. बंद पडलेल्या चकतीत काय आहे हे उजेडासमोर धरून कळत नाही. आजच्या तरुणाच्या नातवाला उद्या हाच प्रश्न पडेल, आणि त्या वेळी हिशेब मागावयाला आज जगत असलेली माणसे नसतील.

या बोलण्यातून नातवाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. चित्रपटाचा इतिहास तो आजवर डब्यांतल्या रिळांत शोधत होता. त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच्या शेजारी पायरीवर बसलेला होता. आजोबांनी लहानपणी गोंदियाकडे तंबूतला सिनेमा पाहिला होता. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर खेळ थांबे, दिवे लागत, आणि त्या पाच मिनिटांत पुढे काय होणार यावर सगळा तंबू वाद घाली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पडद्यावर विठ्ठल आला की माणसे बसल्या जागी हात जोडत. पुढे जबलपुरात अभिनेते प्रेमनाथ यांच्या मालकीचे एम्पायर टॉकीज त्यांनी भर गर्दीत पाहिले. आज ते बंद आहे. यांतले काहीही कोणत्याही फितीवर नाही. 'संत तुकाराम' आजही पाहता येतो. पण तुकाराम पाहताना हात जोडणारा तंबू पाहता येत नाही. आजोबा जेव्हा म्हणतात की आमच्या वेळचा चित्रपट निराळा होता, तेव्हा बहुधा ते पडद्याविषयी बोलतच नसतात. ते पडद्यासमोरच्या माणसांविषयी बोलत असतात. आणि त्या माणसांविषयीचे त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतका पुरावा कोणापाशीच नाही.

अर्थात आठवणही फितीसारखीच आहे. तीही झिजते, तिच्यातलीही मधली रिळे नाहीशी होतात, आणि आपण ती नकळत पुन्हा चित्रित करतो. म्हणून तीच एकटी प्रमाण मानता येत नाही. पण अनेकांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांतून खरे काय ते पुष्कळसे दिसू लागते. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत हा सगळा मुलूख अद्याप 'सी. पी. बेरार' या नावाने ओळखला जातो. तो प्रांत नकाशावरून नाहीसा झाला, तरी व्यापाराच्या वहीत तो जिवंत आहे. नागपूर, अमरावती, गोंदिया, बालाघाट, जबलपूर येथल्या जुन्या मराठी माणसांनी कोणते चित्रपट पाहिले, कोठे पाहिले, तिकिटाला काय पडले, कोण सोबत होते, हे कोणी टिपून ठेवले तर तो त्या हरवलेल्या प्रांताचाही इतिहास होईल.

त्या विद्यार्थ्याने हे काम आपल्या घरापासून आरंभिले आहे. आता तो आजोबांशी वाद कमी घालतो आणि प्रश्न अधिक विचारतो. कालचे श्रेष्ठ की आजचे, याचा निकाल लागेल तेव्हा लागो. निकालाची घाई नाही. घाई साक्ष नोंदविण्याची आहे. कारण खटला पुढे ढकलता येतो, साक्षीदाराचे वय मात्र पुढे ढकलता येत नाही.